जोडतारांचा जमाखर्च

विद्युत-गिटार घ्यावयास निघालेल्या मनुष्याच्या मनात सहा तारांची घ्यावी की बारा तारांची हा प्रश्न बहुधा संख्येच्या रूपानेच उभा राहतो, आणि संख्येच्या रूपाने उभ्या राहिलेल्या प्रश्नाला ‘अधिक ते बरे’ हे उत्तर फार लवकर सुचते. बारांत सहा आहेतच, वर आणखी सहा पदरात पडतात, तेव्हा थोरली घेतली की धाकटीचीही सोय झाली, असा हिशेब तो मनाशी करतो. आणि दुकानदारालाही तो खोडून काढण्याचे काही कारण नसते. प्रस्तुत पुस्तिका या हिशेबाची फेरतपासणी करण्याच्या हेतूने लिहिली आहे. बारा तारांची गिटार ही सहा तारांच्या गिटारीची विस्तारित आवृत्ती होय, ही समजूत माझ्या मते मुळातच सदोष आहे. धाकटीच्या अंगचे काही अत्यंत मोलाचे गुण थोरलीने सोडून दिले, आणि त्या त्यागाच्या मोबदल्यात तिला असा एक नाद प्राप्त झाला की जो एकट्या धाकटीच्या गळ्यातून निघणे कठीण. काय गेले आणि काय आले याचा जमाखर्च ज्याने एकदा शांतपणे मांडून पाहिला, त्याला आपल्या हाताला आणि आपल्या संगीताला यांपैकी कोणती मानवेल हे ठरविण्यास दुसऱ्याच्या शिफारशीची गरज उरत नाही.

प्रथम रचना पाहू. सहा तारांच्या गिटारीत ई, ए, डी, जी, बी आणि पुन्हा वरची ई, अशा सहा स्वरांत तारा मिळविलेल्या असतात. बारा तारांच्या गिटारीतही स्वरस्थाने सहाच. परंतु प्रत्येक स्थानी एकीऐवजी दोन तारा अगदी शेजारी ताणलेल्या असतात, आणि त्या दोन्ही एकाच बोटाने दाबून पिकच्या एकाच आघाताने छेडावयाच्या असतात. बी आणि वरची ई या दोन जोड्या समस्वरात लावतात. उरलेल्या चार जोड्यांत मात्र जाड तारेच्या सोबतीला तिच्याहून बरोबर एक सप्तक वर लावलेली बारीक तार असते: जाड ई सेकंदास सुमारे ८२ कंपने करते तर तिची सोबतीण १६५, जाड ए ११० तर तिची सोबतीण २२०. या क्रमाने आपण जी च्या जोडीपाशी आलो की एक विलक्षण गोष्ट घडते. जाड जी १९६ कंपनांची, म्हणून बारीक जी ३९२ कंपनांची. आणि वाद्याची पहिली, सर्वांत उंच म्हणून ओळखली जाणारी ई तार तर अवघ्या ३३० च्या घरात आहे. म्हणजे या वाद्याचा सर्वोच्च स्वर कडेच्या तारेवर नसून मधोमध, दुसऱ्या एका जाड तारेच्या आडोशाला वसलेला आहे. सहा तारांवरून पिक वरून खाली फिरविली असता स्वर क्रमाने चढत जातात. बारा तारांवर तोच हात त्याच गतीने फिरविला असता स्वर खाली-वर उसळत जातात, मध्यावर एकदम शिखर गाठतात आणि मग उतरणीला लागून संपतात. बोटांनी साधी ओळखीची कॉर्ड धरलेली असते, पण कानावर पडते ती तिच्याच स्वरांची एक नवी मांडणी. ज्याला इंग्रजी गानसृष्टीत ‘जँगल’ म्हणतात आणि ज्याला मी या पुस्तिकेत झंकार म्हणणार आहे, त्याचे उगमस्थान पुष्कळ अंशी ही एकच तार आहे. ती ०.००८ ते ०.००९ इंच जाडीची, केसासारखी बारीक असते. साऱ्या संचात प्रथम तुटते ती बहुधा हीच, आणि म्हणून जाणते वादक हिच्याच जादा तारा पेटीत बाळगतात.

झंकाराचे दुसरे कारण समजावयास मराठी श्रोत्याला दूर जावे लागत नाही. तंबोऱ्याच्या मधल्या दोन तारा, ज्यांना आपण जोड म्हणतो, एकाच षड्जात मिळवितात. आणि त्या कितीही काळजीने मिळविल्या तरी त्यांच्यात जो सूक्ष्म भेद उरतो त्यामुळे नाद स्थिर न राहता हलकेच फुगत आणि ओसरत राहतो. भेद सेकंदास एका कंपनाचा असेल तर हे आंदोलन सेकंदातून एकदा होते, दोन कंपनांचा असेल तर दोनदा. बारा तारांच्या गिटारीतील बी आणि ई या समस्वरी जोड्यांत हेच घडते, आणि पडद्यावर दाबलेल्या दोन तारांवर बोटाचा भार कधीच सर्वस्वी सारखा पडत नसल्यामुळे ते किंचित अधिकच घडते. साम्य येथेच संपते, हेही सांगून ठेवले पाहिजे. मिरजेच्या कारागिरांनी पिढ्यान् पिढ्या जपलेली जवारीची विद्या, म्हणजे घोडीचा माथा असा घासणे की तार तिला निसटता स्पर्श करीत राहून आपले उपस्वर उधळील, ती गिटारीत नाही. गिटारीचा ब्रिज तारेला एका बिंदूवर काटेकोर थांबवितो. त्यामुळे तंबोऱ्याचा नाद आतून उमलल्यासारखा वाटतो, तर या गिटारीचा नाद वरून पाणी दिल्यासारखा चकाकतो.

ही गिटार विजेच्या आधीची आहे. लुईझियानाचा लेड बेली बारा तारांची लाकडी गिटार नेहमीच्या स्वरापेक्षा बरीच उतरवून वाजवीत असे, आणि तिचा तो रुंद, घनगंभीर नाद पुढील पिढीच्या लोकगायकांच्या कानांत बसला होता. विद्युत-गिटारीत हा प्रयोग करणाऱ्यांत डॅनइलेक्ट्रो कंपनीची १९६१ सालची बेलझूकी ही अग्रगण्य होय. तथापि जगाच्या कानावर हा नाद ज्या वाद्याने घातला ते कॅलिफोर्नियातील रिकनबॅकर कंपनीचे ३६०/१२ हे होते. कंपनीचे मालक फ्रान्सिस हॉल यांनी १९६४ च्या फेब्रुवारीत, बीटल्स मंडळी अमेरिकेच्या पहिल्या दौऱ्यावर आली असता, आपली वाद्ये न्यूयॉर्कमधील एका हॉटेलात त्यांच्यासाठी मांडली. जॉर्ज हॅरिसन घसा धरल्याने आपल्या मुक्कामी पडून होता, म्हणून बारा तारांचे ते नवे वाद्य तेथे नेऊन त्याच्या हाती देण्यात आले. याच वर्षी १६ एप्रिल रोजी मुद्रित झालेल्या ‘अ हार्ड डेज नाइट’ या गीताच्या आरंभी जी एकच कॉर्ड घंटेसारखी वाजते आणि विरत जाते, तीत हे वाद्य आहे. त्याच्या जोडीला लेननची सहा तारांची गिटार, मॅकार्टनीचा बास आणि निर्माता जॉर्ज मार्टिन याचा पियानो आहे, आणि हे सारे नाद एकमेकांत असे मिसळले आहेत की त्या कॉर्डचे पृथक्करण करण्यात जाणकार आजतागायत गुंतलेले आहेत.

त्या नावाचा चित्रपट पाहून बाहेर पडलेल्या तरुणांत एक मॅग्विन होता. त्या काळी तो जिम या नावाने ओळखला जाई, रॉजर हे नाव पुढे आले. शिकागोच्या ओल्ड टाउन स्कूल ऑफ फोक म्यूझिकमध्ये तो बँजो आणि गिटार शिकला होता, लाकडी बारा तारांची गिटार त्याच्या हातात बसलेली होती, आणि पडद्यावर हॅरिसनच्या हाती दिसलेले वाद्य त्याने लवकरच पैदा केले. २० जानेवारी १९६५ रोजी हॉलिवूडमध्ये बॉब डिलनचे ‘मिस्टर टॅम्बोरीन मॅन’ बर्ड्स या संचाच्या नावाने मुद्रित झाले तेव्हा त्या संचापैकी वाद्य वाजविणारा तो एकटाच होता. बाकीची वाद्ये भाडोत्री वादकांच्या हाती होती. त्याची पद्धत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. अंगठा आणि तर्जनी यांत पिक, मध्यमा आणि अनामिका या बोटांवर धातूच्या नख्या, आणि या तिहींनी बँजोच्या धर्तीवर तारा एकीमागून एक अखंड छेडीत राहावयाचे, म्हणजे कॉर्ड कधीच एकदम न आदळता सतत वाहती राहते. रिकनबॅकरच्या बांधणीतील एक वैशिष्ट्यही त्याला साहाय्यभूत झाले. इतर बहुतेक बारा-तारी गिटारींत पिक वरून खाली येताना प्रत्येक जोडीतील बारीक तार प्रथम लागते आणि जाड तार मागून. रिकनबॅकरमध्ये हा क्रम उलटा आहे, जाड तार आधी. फरक क्षणार्धाचा, परंतु त्यामुळे स्वराचा पाया आधी पडतो आणि चकाकी त्याच्या माथ्यावर येते. याच्या भरीला ध्वनिमुद्रण करणाऱ्या तंत्रज्ञाने गिटारीचा आवाज कंप्रेसरमधून काढला. आघाताचा जोर दाबून मागाहून उरणारा नाद वर उचलणे हे या यंत्राचे काम; त्यामुळे एरवी चटकन विझणाऱ्या बारीक तारा दीर्घकाळ तेवत राहिल्या. बारा तारांची गिटार घेणाऱ्या माणसाने हे ध्यानात ठेवावे, कारण घरी नुसती गिटार ॲम्प्लिफायरला जोडून बर्ड्सचा नाद निघत नाही म्हणून वाद्याला दोष देणारे पुष्कळ जण भेटतात, आणि त्यांच्या तक्रारीचे मूळ बहुधा कंप्रेसरच्या अभावात असते.

हा व्यवहार एकतर्फी राहिला नाही, याचे मला फार कौतुक वाटते. बर्ड्सनी गायिलेल्या ‘द बेल्स ऑफ रिम्नी’ या गीतातील मॅग्विनची गत ऐकून हॅरिसनने आपले ‘इफ आय नीडेड समवन’ रचले, सातव्या फ्रेटवर कॅपो लावून वाजविले, आणि आपण कोणाचे ऋणी आहोत ते मोकळेपणाने कबूल केले.

आता खर्चाची बाजू. वर उल्लेखिलेल्या ‘अ हार्ड डेज नाइट’ याच गीताच्या मध्यावर गिटार आणि पियानो यांची एक द्रुत तान आहे. ती हॅरिसनने बारा तारांवर वाजविली खरी, पण ध्वनिफीत निम्म्या गतीने चालवून, खालच्या सप्तकात, सावकाश वाजविली, आणि मग फीत पूर्ण गतीला आणल्यावर ती तान आज ऐकू येते त्या वेगाची झाली. एका असामान्य संचाच्या मुख्य गिटारवादकालाही या वाद्यावर द्रुत तान घेण्यासाठी यंत्राची मदत घ्यावी लागली, यातच वाद्याच्या स्वभावाची साक्ष आहे. ३६०/१२ च्या मानेची नटपाशी रुंदी सुमारे ४१ मिलिमीटर, म्हणजे सामान्य सहा-तारी गिटारीइतकीच किंबहुना काकणभर कमी, आणि तेवढ्या जागेत बारा तारा बसविलेल्या. ज्याची बोटे जाड आहेत त्याचे एक बोट तीन तारांवर पडण्याचा धोका पदोपदी असतो. तारांचा एकूण ताण सहा तारांच्या दीडपटीहून अधिक, त्यामुळे डाव्या हाताला श्रम अधिक, आणि मान वाकू नये म्हणून आत पोलादी सळईची तजवीजही अधिक भक्कम लागते.

परंतु याहून मोठा तोटा मींडेचा आहे. सतारीवर तार पडद्यावर बाजूला ओढून एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर, मधल्या श्रुतींना स्पर्श करीत जावे, तसेच सहा तारांच्या विद्युत-गिटारीवर होते. गिटारवादक त्याला बेंड म्हणतात. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात जेम्स बर्टनसारख्या वादकांनी गिटारीवर बँजोच्या बारीक तारा चढवून हे ओढणे सुकर केले, पुढील दशकाच्या आरंभी कॅलिफोर्नियात अर्नी बॉल याने अशा बारीक तारांचे तयार संच विकावयास काढले, आणि तेथून या वाद्याला मनुष्यकंठाच्या जवळ जाण्याची मुभा मिळाली. बी. बी. किंगचा एकच दीर्घ स्वर ऐकावा: तो कंप पावतो, आर्जव करतो, आणि त्यात दुसऱ्या कोणत्याही स्वराची भेसळ नसते. बारा तारांवर हे करू गेल्यास दोन तारा एकाच बोटाने ओढाव्या लागतात. समस्वरी जोडी कशीबशी सोबत चालते, पण सप्तकाच्या जोडीतील जाड आणि बारीक तार एकाच अंतराने ओढली तरी निरनिराळ्या प्रमाणात चढतात, आणि त्यांचे सप्तक फाटते. तसेच ॲम्प्लिफायरला त्याच्या शक्तीबाहेर रेटून जो खरखरीत, तापलेला आवाज काढतात त्याचे. अशा अवस्थेत कोणत्याही दोन स्वरांपासून बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे स्वर उत्पन्न होतात. एका तारेच्या स्वराला हे शोभते, दोन तारांच्या कॉर्डलाही चालते, पण बारा तारांच्या गर्दीत त्याचा नुसता गढूळ गोंगाट होतो. मॅग्विनने १९६६ च्या ‘एट माइल्स हाय’ या गीतात बारा तारांवर द्रुत आणि तुटक एकल वादन करून दाखविले आहे, ज्याची प्रेरणा जॉन कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन आणि पंडित रविशंकरांची सतार ही होती. पण तेथेही त्याने मींडेच्या वाटेस न जाता सुट्या स्वरांचा वर्षाव केला. वाद्य काय देत नाही हे ओळखूनच तो वाजवीत होता.

तेव्हा ज्याच्या संगीतात एकल स्वराने बोलावयाचे आहे, स्वर ओढावयाचा आहे, आवाज तापवावयाचा आहे, त्याने सहा तारांचीच गिटार घ्यावी, आणि ज्याच्यापाशी एकच गिटार असणार आहे त्यानेही तीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याला गाणाऱ्याच्या मागे कॉर्डचा एक तेजस्वी पडदा उभा करावयाचा आहे, ज्याच्या संचात एकल वादनाची कामगिरी दुसरा कोणी सांभाळतो, किंवा जो स्वतःच गातो आणि ज्याला गाण्याखाली एकाच वाद्याने भरगच्च आधार हवा आहे, त्याच्यासाठी बारा तारा.

मधल्या वाटाही आहेत, आणि त्यांची माहिती नसल्याने अनेकांचा पैसा वाया जातो. १९६४ च्या आरंभी, म्हणजे हॅरिसनचे नवे वाद्य कोणाच्या कानावर पडण्यापूर्वीच, लिव्हरपूलच्या सर्चर्स या संचाने ‘नीडल्स अँड पिन्स’मध्ये सहा तारांच्या दोन गिटारी एकाच गतीने वाजवून असा झंकार काढला की तो बारा तारांचाच समजला गेला. ‘धिस चार्मिंग मॅन’मधील जॉनी मारची चमकदार गत टेलिकास्टरवरची, सहा तारांची, आणि आर. ई. एम. या संचाच्या पीटर बकची ओळख झालेली घंटानिनादी गिटार रिकनबॅकर खरी, पण तीही प्रामुख्याने सहा तारांची. त्या दोघांनी झंकार मिळविला तो कॉर्ड एकदम न वाजविता तिच्या तारा सुट्या सुट्या, अखंड छेडून. ज्याला घरी ध्वनिमुद्रणच करावयाचे आहे त्याला आणखी एक उपाय आहे: बारा तारांच्या संचातील बारीक सोबतिणी तेवढ्या काढून त्या सहा तारांच्या गिटारीवर चढवाव्या, ज्याला नॅशव्हिल पद्धती म्हणतात, आणि एकदा सामान्य गिटार व एकदा ही, अशा दोन मुद्रणांचा मिलाफ करावा. कोरस पेडलने मात्र समस्वरी आंदोलनाचा भास होतो, सप्तकाचा होत नाही. दोन मानांची गिबसन ईडीएस-१२७५ ही रंगमंचाची सोय होय. जिमी पेजने ‘स्टेअरवे टु हेवन’च्या ध्वनिमुद्रणात बारा तारांसाठी फेंडरची इलेक्ट्रिक ट्वेल्व्ह वापरली होती; मैफलीत एकाच गीतात झंकारही हवा आणि शेवटी मींडही हवी, आणि मध्ये गिटार बदलण्यास सवड नाही, म्हणून त्याने दोन मानांचे ते जड वाद्य खांद्याला लावले. ज्याच्यापुढे ही अडचण नाही त्याने तो भार वाहू नये.

कोकणपट्टीत आणि मुंबईत राहणाऱ्या वाचकांसाठी आणखी दोन शब्द. पावसाळ्यात दमट हवेने तारा गंजतात, घामाने अधिक गंजतात, आणि लाकूडही जागचे हलते. बारा तारांच्या गिटारीत हा सारा उपद्रव दुप्पट, आणि सुरात लावण्याचे कामही दुप्पट. जोड लावताना एक तार हाताने दाबून तिचा नाद बंद करावा, दुसरी स्वतंत्रपणे मिळवावी, मग पहिली मोकळी करून दोघींमधील आंदोलन मंदावत जाईपर्यंत खुंटी किंचित किंचित फिरवावी. तंबोरा लावण्याची ज्यांना सवय आहे त्यांना हे काम जड जाऊ नये. ज्यांना रोज रियाजाआधी हे करण्याचा कंटाळा येईल असे वाटते, त्यांनी तो कंटाळा जमाखर्चाच्या वहीत खर्चाच्या बाजूस आताच लिहून ठेवावा.

दुकानात वाद्य पाहताना ब्रिजकडे मुद्दाम लक्ष द्यावे. फेंडरने आपल्या १९६५ च्या बारा-तारी गिटारीस प्रत्येक तारेला स्वतंत्र खोगीर दिले होते. रिकनबॅकरच्या जुन्या वाद्यांत एका जोडीला एकच, म्हणून जाड आणि बारीक या दोन्ही तारांची लांबी वेगवेगळी जुळविता येत नाही आणि वरच्या पडद्यांवर सप्तक किंचित डगमगते. बाराव्या फ्रेटवर जी ची जोडी दाबून एक-एक तार वेगळी छेडून पाहिली की हा दोष लगेच कानाला कळतो. ही तपासणी, आणि मान, नट व खुंट्या यांची याच प्रकारची परीक्षा कोणत्या क्रमाने करावी, ते पहिल्या प्रकरणात सविस्तर दिले आहे.